गंगीची ओवाळणी

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना लोकांनी माझ्या दोन सतरंज्या खराब केल्यात, म्हणून आधीच सांगतोय.

त्या दिवाळीत मी बेळगावात, खासबागेत भाड्यानं राहत होतो आणि शाळेत हंगामी मास्तर होतो. हंगामी म्हणजे काय, तर खुर्चीवर बसायचं, पण टेकायचं नाही! मला कायम करायचं की नारळ द्यायचा, याचा रिपोर्ट हेडमास्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवणार होते. आणि हेच हेडमास्तर आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या परसात कुणी शहाणा गाणं म्हणायला जाईल का? मी गेलो!

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, रॉकेल मिळायची मारामार. पण माणसांची माया काही रेशनवर नव्हती. हेडमास्तरीणबाईंनी भिंतीवरून वाटीभर तूप दिलं, समोरच्या घरातून न मागता चकलीचा सोऱ्या आला. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून आमच्या हिनं गुळाच्या करंज्या केल्या. मला वाटलं, आपणही कुणाला काहीतरी द्यावं. पण मास्तराकडं देण्यासारखं असतं काय? छड्या!

वसुबारसेला सकाळी बाजारात गेलो, तर खानापूरकडची एक बाई लव्हाळ्याच्या पेंढ्या विकत बसलेली. तो ओला वास नाकात गेला आणि वीस वर्षं विसरलेलं गाणं एकदम ओठांवर आलं. गावाकडं आम्ही पोरं लव्हाळ्याचा दिवा विणून, आत पणती ठेवून गोठ्यागोठ्यातून गुरं ओवाळत हिंडायचो. प्रत्येक जनावराचं नाव घेऊन कडवं म्हणायचं. मग घरधनी दिव्यात तेल घालायचा, हातावर खोबरं ठेवायचा. खोबरं मिळालं की आम्ही धूम पळायचो. भर बाजारात उभा राहून मी ते गाणं गुणगुणलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

घरी येऊन दिवा विणला.

"हेडमास्तरांच्या म्हशीला ओवाळून येतो," मी हिला म्हटलं.

"नाव ठाऊक हाय का म्हशीचं?"

"रोज ऐकतोय की! गंगी."

"एकदा इचारून घ्या हो."

"इचारायचं काय त्यात? कान हाईत न्हवं मला?"

आणि खरंच रोज ऐकत होतो हो! हेडमास्तरांचे वडील, आण्णा, सकाळ झाली की परसातून ओरडायचे. "गंगे, ऊठ की गं, किती लोळशील!" "गंगे, वाटंत पाय पसरून बसू नगंस!" "गंगे, चावून खा!" आता याहून आणखी काय पुरावा पाहिजे?

दिवेलागणीला दिवा घेऊन गेलो. गोठ्यात म्हैस होती, चांगली गाभण. हेडमास्तर खूश झाले. "वा मास्तर! किती वर्षांनी बघतोय हे!" सगळं घर परसात जमलं. आण्णा आले. त्यांच्यामागून एक पांढऱ्या केसांची, मी कधी न पाहिलेली म्हातारी येऊन जोत्यावर टेकली. मी म्हशीपुढं दिवा धरला आणि आवाज लावला.

"उजळ रं दिव्या, गोठ्याचं दार,
गंगीच्या पाठीला तेलाची धार!"

हेडमास्तर दचकले. मला वाटलं, आवाज लागला!

"गंगीचं पोट पाण्याचा रांजण,
गंगी खाई बुट्टीभर कोंडा नि आंबोण!"

हेडमास्तरीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. आण्णा खांबाला धरून थरथरायला लागले. म्हटलं, भारावलेत बिचारे. मग काय, मला चेव आला. पुढचं कडवं मी पदरचं जोडलं.

"गंगी मारी लाथा, तरी घरात लाडकी,
औंदा हुंदे तिला काळी काळी रेडकी!"

"मास्तर," हेडमास्तर शाळेतल्या आवाजात म्हणाले, "म्हशीचं नाव मैना आहे."

"मग गंगी?"

त्यांनी जोत्याकडं बोट केलं. "ती माझी आत्या. आण्णांची धाकटी बहीण."

दिवा माझ्या हातात होता, नाहीतर अंधाराचा फायदा घेऊन मी पळालो असतो. रिपोर्ट तर डोळ्यांपुढं दिसायलाच लागला. बायकोला काय तोंड दाखवू? सत्तरीच्या बाईला मी रेडकी मागितली होती!

आत्याला ऐकू कमी यायचं. "काय म्हंतंय त्ये?" तिनं विचारलं. सगळे एकमेकांना पुढं ढकलायला लागले. शेवटी आण्णांनी डोळे पुसत पुसत तिच्या कानाशी सगळं गाणं परत म्हटलं. रेडकीसकट!

आत्यानं मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "आनि माघारीचं कडवं कुटं गेलं?"

"माघारीचं?"

"त्ये घरवाल्यांनी म्हनायचं असतंय. चाळीस वरसं ऐकलं न्हाय बघ ह्ये गानं. हिकडं ये. नाव काय रं तुजं?"

"दत्तू."

तिनं माझ्या हातातला दिवा घेतला आणि बोळक्या तोंडानं गात मलाच ओवाळायला सुरुवात केली.

"सारी गुरं आली, एक ऱ्हायलं मोकळं,
दत्तूला दाव्याला बांधा, लई हाय खुळं!"

खोबरं घेऊन पळणाऱ्या पोराला हे कडवं कुठून माहीत असणार? सगळं घर तिच्यामागून म्हणायला लागलं, हेडमास्तरसुद्धा. आत्यानं माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि पुन्हा म्हण म्हणाली, पहिल्यापासून. मी म्हटलं. या खेपेला मैनाच्या नावानं. म्हातारी ऐकता ऐकता रडत होती आणि हसतही होती. खरं सांगतो, त्या दिवाळीत मला इतकं गोड दुसरं काही लागलं नाही.

सुट्टी संपल्यावर हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. मी खुर्चीवर बसलो, पण टेकलो नाही.

"कायम करा म्हणून लिहिलंय," ते म्हणाले. "आत्यानं दाव्याला बांधलेलं जनावर मी कसं सोडणार?"

महिन्याभरानं मैना व्याली. मी रेडकी मागितली होती, झाला रेडा. आत्यानं मोठ्या हौसेनं त्याचं नाव ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून आण्णांची हाक यायची, "दत्तू, ऊठ की रं, किती लोळशील!"

आणि रोज सकाळी मी "उठलो, आण्णा!" म्हणत अंथरुणातून उडी मारायचो.