पेटीतला घाम

भीमसेनराव कोणाच्याही घरी गेले की आधी मीटर बघत आणि मग माणसं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत यावरून त्यांची भरपूर थट्टा चाले. विजेच्या खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस जवळ आला की ओळखीच्या घरांतून, दुकानांतून न बोलावता फिरणार. केबल पेटीत खालूनच शिरते ना? शिरण्याआधी तिला झोळ दिलाय ना, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल? दाराचं रबर चिरलं नाही ना? पेटीच्या बुडाची भोकं मोकळी आहेत ना? कोणी कॉफी दिली तर प्यायची, नाही दिली तर तसंच पुढच्या घरी जायचं.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच चुकला, आणि तोही भिडेपायी. आपल्याकडे भिडेने जेवढी माणसं मरतात तेवढी सापाने मरत नसतील.

त्यांची बायको भामा. तिचा धाकटा भाऊ मुरली गावाबाहेर ओरत्तनाडूच्या रस्त्यावर लग्नाचा हॉल चालवतो. यंदा त्याच्या एकुलत्या लेकीचं, विनुताचं, लग्न त्याच हॉलमध्ये ठरलं. मुरलीने हॉल नव्याने रंगवून घेतला. मागच्या अंगणात हात धुवायचे नळ आहेत आणि नळांच्या वर भिंतीवर विजेची मोठी लोखंडी पेटी. रंगाऱ्याच्या डोळ्यांत केबलचा लोंबता झोळ खुपला. त्याने केबल ताणून सरळ केली आणि सरळच राहावी म्हणून पेटीच्या माथ्याला भोक पाडून वरून आत घातली. पाली शिरतात म्हणून बुडाची भोकं लांबी भरून बुजवली. पेटी डळमळू नये म्हणून तिची चौकट नळाच्या लोखंडी पाइपाला आवळून टाकली. काम मोठं देखणं झालं, आणि मुरलीने त्याची तोंडभरून स्तुती केली.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात भीमसेनरावांनी त्या पेटीचं दार उघडलं. आतल्या बाजूने दाराला घाम सुटावा तसे थेंब धरले होते. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढू लागलं होतं. कुबट वास आला. वरून येणारं पाणी आत येत होतं आणि खालून जायला वाट नव्हती.

"भामा, ही पेटी माणूस खाणार," घरी येऊन ते म्हणाले.

भामाने कानांवर हात ठेवले. "अहो, लग्नाचं घर. असं अभद्र बोलू नका. मुरली आधीच म्हणतो, भावजी आले की खोड काढतात. लग्न होऊ द्या, मग काय तें सांगा."

त्यांनी तिचं ऐकलं. मनाला त्यांनी एकच समजूत घातली, की वीज कुठे गळायला लागली तर आपोआप पडणारं स्विच मीटरच्या खोलीत आहे. वेळ आलीच तर ते पडेल. म्हणून मुरलीला त्यांनी नुसतं, "पाऊस आल्यावर पेटीकडे लक्ष ठेव," एवढंच सांगितलं. मुरलीने मान डोलावली आणि फुलवाल्याला फोन लावला.

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. भीमसेनराव सोवळ्यातच मागच्या अंगणात गेले. पेटीतून बारीक गुरगुर ऐकू येत होती. खालच्या नळाला त्यांनी टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला. ते मीटरच्या खोलीकडे धावले. तिथे हॉलचा वायरमन विश्वेश स्टुलावर बसला होता, आणि ते पडणारं स्विच एका जाड तारेने वळसा घालून बाजूला टाकलेलं होतं.

"दोन दिवस सारखं पडत होतं, सार," विश्वेश म्हणाला. "मुहूर्ताला अंधार नको म्हणून मालकांनीच तार जोडायला सांगटलं."

ते सारखं पडत होतं, कारण दोन दिवस ते ओरडून सांगत होतं. भीमसेनरावांनी पुढचामागचा विचार न करता मेन खाली ओढलं.

हॉलमध्ये नेमके तेव्हा अक्षता हातात घेऊन अस्के, लहानथोर सगळे, उभे राहिले होते. बाहेर आभाळ भरलेलं, आत पडदे ओढलेले. एकदम काळोख झाला. सनईसारखा नादस्वर थोडा पुढे रेंगाळला आणि थांबला. मुहूर्तावर अंधार! बायकांच्या तोंडून जो उद्गार निघाला तो भीमसेनरावांना खोलीपर्यंत ऐकू आला, आणि आता भामाला कसं तोंड दाखवायचं असं त्यांना झालं.

मुरली धावत आला. "भावजी, माझ्या लेकीच्या तोंडावर अंधार घातलात!"

"नळात करंट उतरलाय, मुरली. चल, दाखवतो."

"पावसात तुमचा टेस्टर भिंतीलाही पेटतो." मुरलीने मेन वर केलं, दोघांना बाहेर काढलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली वेष्टीच्या कनवटीला खोचली.

विजेच्या कचेरीत फोन केला, तर पावसाने अर्धं तंजावूर तक्रार करत होतं. माणूस येईल म्हणाले. इकडे पहिली पंगत उठायची वेळ झाली होती.

मग भीमसेनराव नळांसमोर हात पसरून उभे राहिले. पाऊस पाठीवर पडत होता. रसमाने माखलेले हात घेऊन पाहुणे यायला लागले. "आचाऱ्यांच्या बादलीत धुवा, इथे नक्को," ते एकेकाला विनवत होते. पहिले काही लोक हसले आणि गेले. मागचे हसले नाहीत. नळ काय यांच्या मालकीचे जाल्ले कां, असं कोणीतरी मोठ्याने विचारलं. मुलीच्या लग्नात तिच्या आतोबांना, आत्याच्या नवऱ्याला, वेड लागलं ही बातमी हॉलभर पसरली.

भामा आली. तिचा चेहरा पडलेला होता. तिच्यामागे नवी साडी सावरत, हळदीचे हात पुढे धरून विनुता आली. "आतोबा, सरा ना. माझे हात चिकट जाल्ले."

"नको बाळ. मागे हो."

तेवढ्यात मुरली दोन धिप्पाड माणसं घेऊन आला. त्यांनी म्हाताऱ्याला खांद्यांना धरून बाजूला ओढलं. विनुताने पाऊल पुढे टाकलं. बोलून बोलून भीमसेनरावांची जीभ थकली होती. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, हिसडा देऊन ते सुटले आणि पोरीच्या आणि नळाच्या मध्ये शिरले.

"भामा, ऐक. मी पडलो तर मला शिवू नको. मेन बंद होईपर्यंत कोणाला शिवू देऊ नको. कळलं कां?"

तिला कळलं नाही.

त्यांनी उजवा हात पालथा केला. तळवा लागला तर बोटं लोखंडाला आवळतात आणि सुटत नाहीत. पालथा हात मागे फेकला जातो, एवढाच काय तो भरवसा. पाय अनवाणी होते, फरशीवर पाणी होतं. त्यांना फार भीती वाटत होती. त्यांनी नळाला हात लावला.

हात फेकला गेला, पण पाय घसरले. माणूस पाण्यात कोसळला आणि त्याचा खांदा पाइपाला टेकला तो टेकलाच. अंग थरथरत राहिलं. डोळे उघडे होते.

"आतोबा!" विनुता वाकली. भामाने तिला दंडाला धरून मागे खेचलं, इतक्या जोरात की पोरगी भिंतीवर आपटली. मग भामा नवऱ्यासमोर हात पसरून उभी राहिली. कोणी पुढे आलं की ढकलत होती. "शिवू नका! मुरली, मेन! आधी मेन काढ, मेल्या!" जन्मात ती भावाला असा शब्द बोलली नव्हती.

मुरली धावला. किल्ली रेशमी कनवटीत अडकली होती, ती निघेना. भामाच्या पायाशी तिचा नवरा तडफडत होता आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. वाकलं की हात पोहोचला असता. ती वाकली नाही. ती रडत होती आणि मागे सरत होती, पाण्याच्या कडेपासून आणखी एक पाऊल मागे.

हॉलमधले दिवे गेले.

तेव्हा ती पाण्यात बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हात हातात घेतला. तो गार होता आणि जड होता, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांची बोटं हळूहळू तिच्या मनगटावर मिटली.