चिठ्ठीत माझ्या लेकीचंच नाव निघालं होतं

मँचेस्टरच्या बाहेर एका खेड्यात आम्ही राहत होतो. तिथल्या चर्चचा दर जूनमध्ये कार्निव्हल असायचा. बँड, सजवलेल्या लॉऱ्या आणि पहिल्या लॉरीवर मुकुट घातलेली गुलाबराणी. राणी कोण, ते शाळेत चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या लेकीचं नाव निघालं. मी लगेच पांढऱ्या सॅटिनचा झगा शिवायला घेतला.

आठवड्याभराने कार्निव्हल कमिटीच्या बाई घरी आल्या. दोन कप चहा प्यायल्या, मग म्हणाल्या, "यंदा 'जगभरातली मुलं' अशी एक लॉरी करतोय. तुमच्या मुलीला तिथे तुमच्याकडच्या कपड्यांत बसवू. तिलाही मोकळं वाटेल."

"आणि राणी?"

"ती इथल्या जुन्या घरातली असली की लोकांना बरं वाटतं."

"माझी मुलगी इथेच जन्मलीय."

"हो, अर्थातच," त्या हसून म्हणाल्या.

शेजारी बसलेला माझा नवरा म्हणाला, "काही हरकत नाही."

त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, "हरकत कशी नाही?"

"अगं, आपल्याला याच गावात राहायचंय."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण त्या बाईंना कोट मीच हातात दिला होता, दारापर्यंत सोडायला मीच गेले होते. माझा स्वतःवरचा संताप जास्त होता.

लेकीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "माझं काही चुकलं का?" एवढंच तिने विचारलं.

मी तशीच उठून पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, "हे सगळं कमिटी ठरवते." मी म्हटलं, "मग माझी मुलगी कुठल्याच लॉरीवर बसणार नाही."

कार्निव्हलच्या दिवशी झगा घालून ती माझ्याबरोबर फुटपाथवर उभी राहिली. राणी तिच्याच वर्गातली होती. लेकीने तिला मनापासून हात हलवला. मला त्याचाही राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

पुढच्या वर्षी त्याच बाईंचा फोन आला. स्टॉलसाठी समोसे करून द्याल का? मी नाही म्हणाले, आणि का नाही तेही एकेक शब्द सावकाश उच्चारून सांगितलं. मी फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवेपर्यंत कानाला लावून उभी राहिले.