द्वारपालाची बाजू

दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत ताई सव्वीस वर्षं काम करत होती. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा-खालचा चावा जुळतोय का पाहायचं, की लगेच पुढची कवळी. ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा नाद तिला लेकीनं लावला. लेक नोकरीसाठी परगावी गेली, नाद मात्र घरातच राहिला.

तिचा जीव जडला होता त्यातल्याच एका मालिकेतल्या द्वारपालावर. शत्रू चालून आला तेव्हा त्यानं वेशीचं दार लावून घेतलं. सेनापती बाहेरच अडकला आणि मेला. सेनापतीचे चाहते त्याला गद्दार म्हणत. त्यांच्या चर्चागटात ताईनं 'कवळी' या टोपणनावानं लिहिलं, "आत चारशे माणसं होती. त्यानं करायचं तरी काय? दार लावताना तो रडत होता, ते कुणालाच दिसलं नाही?"

संध्याकाळपर्यंत दोनशे जण तिच्यावर तुटून पडले. शिव्या तिनं वाचल्या आणि सोडून दिल्या. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. पांढरा ॲप्रन घातलेली पाठमोरी ती, पुढ्यात मेण वितळवायचा दिवा. खाली लिहिलं होतं, "कवळीबाई, मागेही बघत जा."

फोटो तिच्याच प्रयोगशाळेतला होता. त्या दिवसापासून दार वाजलं की चिमट्यातला दात निसटायचा. साचे आणून देणारा नेहमीचा माणूससुद्धा तिला संशयास्पद वाटू लागला. बसथांब्यावर कुणी मोबाइल वर धरला की ती तोंड फिरवायची.

"आई, खातं बंद कर ना," लेक फोनवर म्हणाली. "एका चित्रातल्या माणसासाठी कशाला जीव टांगणीला लावतेस?"

"चित्रातला असला म्हणून काय झालं? त्याच्याबद्दल खोटं बोललेलं मला नाही ऐकवत."

फोन ठेवून तिनं तो फोटो पुन्हा उघडला. डाव्या कोपऱ्यात दात भाजायच्या भट्टीची कड दिसत होती. भट्टीच्या मागे बाहेरचं कुणी जातच नसे. तिथं नऊ वर्षं एकच जण बसायचा, दातांना रंग चढवणारा तिचा सहकारी.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "फोटो तू काढलास?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, तुमच्या मोबाइलवर 'कवळी' नाव दिसलं, म्हणून गंमत केली. मी त्याच गटातला, सेनापतीवाला. पण मी फक्त मित्रांना पाठवला होता. ते खालचं मी नाही लिहिलं, शप्पथ."

"मग कुणी लिहिलं?"

"माहीत नाही हो. आता तो कुणाकुणाकडे गेलाय, तेही माहीत नाही."

ताई आपल्या टेबलाकडे परतली. याला रागावता तरी येत होतं. त्या बाकीच्यांचं काय?

मालकानं त्याला चांगलं झापलं, ताईचं टेबल दाराकडे तोंड करून लावून दिलं. महिनाभर कुणी आलं नाही. गट दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे लागला. ताईनं लिहिलेलं पुसलं नाही, पण नवं लिहायला बोट धजत नाही. अनोळखी माणूस आत आला की अजूनही ती आधी त्याच्या हातात मोबाइल आहे का, ते बघते.