आम्हाला फवारलं ती सकाळ

बागेभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याला पाठ लावून बागमालक शेठनं आम्हा बायकांना ओळीनं उभं केलं. डोळे मिटा म्हणाला. मग आंब्याच्या कलमांवर औषध मारायचा पंप सुरू केला आणि नळी आमच्यावर धरली.

ब्लीचिंग पावडरचं पाणी. तोंडावर, छातीवर, लुगड्यावर. झोंबणारं. लुगडं अंगाला चिकटलं. समोर आमचेच पुरुष उभे होते. साबणानं हात धुऊन मोकळे झालेले. बघत होते.

आम्ही जत तालुक्यातली माणसं. आंब्याच्या हंगामात पालीजवळच्या या बागेत कामाला यायचो. पुरुष झाडावरनं आंबा उतरवायचे. बायका टोपल्या वाहायच्या, आंबा निवडायच्या, पेट्या भरायच्या, वर सगळ्यांचा स्वयंपाक. त्या वर्षी करोना आला. रस्ते बंद. आम्ही बागेतच अडकलो. गावात कुणाला तरी ताप आला होता. आमच्यात कुणालाच नव्हता. तरी गावातनं शेठला निरोप आला, तुमची घाटावरची माणसं आवरा.

त्यानं आवरलं ते बायकांना.

माझी धाकटी जाऊ काशी. पोटुशी होती. तिनं विचारलं, गडी माणसांना का नाही? शेठ हसला.

"बायकांच्या लुगड्यात रोग ऱ्हातो गो. पुरुषांचं तसं नसतं."

आणि नळी तिच्याकडे वळवली. काशीनं दोन्ही हात पोटावर धरले. तोंड उघडंच राहिलं. पाणी सरळ डोळ्यांत गेलं. ती खाली बसली, डोळे जळतात म्हणून ओरडायला लागली. पंप थांबला नाही. मी तिच्याकडे जायला निघाले, तर समोरनं माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"गप उभी ऱ्हा. तमाशा करू नको."

मी उभी राहिले.

दुपारपर्यंत काशीचे डोळे सुजून बंद झाले. उलट्या सुरू झाल्या. मी शेठकडे गेले, दवाखान्यात न्यायला गाडी मागितली. अंगणात गाडी उभीच होती.

"गाडीचा पास आंब्याचा हाय," तो म्हणाला. "बायकांचा नाय."

काशीच्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत उतरेल. माझ्या नवऱ्याला विचारलंच नाही. काशीचा हात धरला आणि डांबरी रस्त्यानं चालायला लागले. वाटेत पोलिसानं अडवलं. मी काशीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यानं काठी खाली घेतली.

पालीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनं कितीतरी वेळ काशीचे डोळे धुतले. काय पडलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिचे हात थांबले. म्हणाली, हे पाणी फरशीवर मारतात, माणसावर नाही. मग हळूच विचारलं, "तुम्ही उभ्या कशा राहिलात?"

परत येताना सगळ्या वाटेनं तो प्रश्न माझ्याबरोबर चालत होता. शेठचा राग होताच. पण उभं राहायला शिकवलं होतं कुणी? आईनं. सासूनं. नवऱ्यानं. शेठनं फक्त पंप आणला होता.

दुसऱ्या सकाळी परत पंप निघाला. बायका गडग्याकडे चालायला लागल्या. मी पुढे गेले आणि नळीचं तोंड धरून जमिनीकडे वळवलं.

"आज नाही, शेठ. उद्यापण नाही."

"मग बागेतनं चालती हो."

नवरा पुढे आला. नळी सोड म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "काल तुम्ही बघत उभे होता. आजपण बघा."

मी जाऊन पेट्यांच्या मांडवात बसले. हात गुडघ्यांवर. एकेक करून बाकीच्या आल्या, शेजारी बसल्या. कुणी आंब्याला हात लावला नाही. आंब्याचा ढीग तसाच. मुंबईचा टेम्पो दारात. शेठनं पुरुषांना पेट्या भरायला सांगितलं. बायकांचं काम म्हणून एकही जण पुढे सरकेना. शेवटी शेठनंच पंप बंद केला. माफी मागितली नाही. नळावर साबणाची वडी ठेवून घरात गेला.

काशीला मुलगी झाली. धडधाकट आहे. पण काशीच्या डाव्या डोळ्यावर पांढरा डाग राहिला तो राहिलाच. त्या डोळ्यानं तिला पोरीचं तोंड दिसत नाही. शेठचं काही वाकडं झालं नाही. त्याचा आंबा दर वर्षी जातो.

घरी आल्यावर नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मी समजूत काढायला गेले नाही.

पुढच्या वर्षी आम्हाला बागेत नेणारा मुकादम म्हणाला, बाकीच्या चालतील, तू नको. बऱ्याच जणी गेल्या. पोट आहे. मी त्यांना बोल लावत नाही. मी दुसरी बाग धरली. आता गाडीत चढायच्या आधी मुकादमाशी मी स्वतः बोलते, नवऱ्यामार्फत नाही. संडासाला दार आहे का. बाई आजारी पडली तर गाडी कोण देणार. कबूल झाला तर चढते, नाहीतर खाली उभी राहते. तो म्हणतो, ही बाई फार तोंडाळ झाली.

झालेय. माझ्या अंगावर काय पडेल हे आता शेठ ठरवणार नाही. नवराही नाही. गप उभी राहा असं परत कुणी म्हणाला, तर त्याला आधी माझ्यासमोर उभं राहावं लागेल.