टाकीमागं बसवलेल्या पोरी

माझं नाव पुकारलं तेव्हा मी शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीआड उकिडवी बसले होते. आतून एक मुलगी म्हणाली, "हजर."

ती मी नव्हते. ती संगीता होती, चौथीतली, किराणा दुकानवाल्याची. मी तिसरीत. त्या दिवशी साहेब तपासणीला आले होते आणि एकेका पोराकडून धडा वाचून घेत होते. सकाळीच गुरुजींनी आम्हा ठाकरवाडीच्या चौघींना उभं केलं होतं. "साहेब जाईस्तवर टाकीमागं बसा. ठाकराच्या पोरींना काय वाचता यायचंय! नाक कापाल आमचं."

मला वाचता येत होतं. आई रेशनच्या रांगेत तासन्‌तास उभी असायची. तेव्हा दुकानाच्या फळ्यावरचं साखर, गहू, रॉकेल बघून बघून मी शिकले होते. गुरुजींनी कधी विचारलंच नाही. वर्षभरात एकदाही माझ्यापुढं पुस्तक धरलं नाही. वर्ग झाडायचा असला की मात्र माझं नाव त्यांना बरोबर आठवायचं.

खिडकी उघडी होती. संगीता माझ्या नावानं वाचत होती. शेळी डोंगर चढते, असला काहीतरी धडा. टाकीमागं बसून मी तिच्याबरोबर ओठ हलवत होते. एका ठिकाणी तिनं अख्खी ओळ गाळली. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. भ्याले. मग साहेबांचा आवाज आला, "छान." माझ्या नावापुढं शेरा पडला. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले.

तो आवाज गेला नाही. डी.एड. झाले, मास्तरीण झाले, तरी हजेरी घ्यायला उभी राहिले की अजून कानाशी येतो. माझंच नाव, दुसरीच्या तोंडून.

आता पुढचं सांगताना जीभ जड होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मीही तेच केलं.

राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली शाळा. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तीन पोरी लई कच्च्या हायेत तुमच्या. त्यांना मागं बसवा, त्यांच्या जागी चौथीतल्या घ्या. समदेच करत्यात." मी नवी होते. कायम व्हायचं होतं. त्या तिघींतल्या यमुनाला म्हटलं, "जा गं, मागं खेळा जरा." ती हसली. तिला वाटलं, सुट्टीच मिळाली. तिच्या नावाला दुसरी पोर उभी राहिली, घडाघडा वाचली. साहेब "छान" म्हणाले आणि मी मान डोलावली. मी! ज्या मानेला सगळं ठाऊक होतं ती मान.

कागदावर यमुनाला वाचता यायला लागलं. मग तिला शिकवायची गरज कुणालाच उरली नाही. मलाही नाही. माझी लाज वाटते मला.

गेल्या वर्षी राजूरच्या बाजारात कुणीतरी माझा पदर ओढला. यमुना. बावीस-तेवीस वर्षांची बाई झालेली, कडेवर तापानं मलूल पडलेलं पोर. हातात गोळ्यांचं पाकीट. "बाई, बरं झालं तुमी भेटल्या. सिस्टरनं ह्याच्यावर काय लिव्हलंय?"

मी वाचलं. "सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी."

"आगं बया," ती म्हणाली, "मी एकेक देत हुते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दवाखान्याकडं परत पळाली. पोराला काही झालं नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. डोळे मिटले की टाकी दिसायची, आणि तिच्यामागं मी नाही, यमुना.

यंदा पुन्हा तपासणी आली. शाळा तीच. मुख्याध्यापक नवे, मोठ्या बागायतदार घरचे. त्यांनी मला बोलावलं. "तुमच्या वर्गातल्या त्या ठाकराच्या आरतीला उद्या घरीच ऱ्हाऊ द्या. तिची आई भंडारदऱ्याला पर्यटकांच्या तंबूवाल्यांकडं भाकरी करायला जाती ना? तिच्याबरोबर धाडा. चौथीतली बसवू."

"आरती वर्गात बसेल, सर."

ते हसले. "तुमच्या वाडीचा लई पुळका येतो तुमाला. आरक्षणातनं नोकरी मिळाली म्हंजी शानपन येत न्हाई, बाई."

कानशिलं तापली. पण मी खाली बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नाव घेतलं आणि आरती स्वतः म्हणाली, "हजर." पुस्तक पुढं धरलं. पहिलं अक्षर सांगितलं. दुसरं सांगितलं. दोन्ही जोडून शब्द म्हणायचा तर अडली. मागून एक पोरगं फिसकन हसलं. आरतीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. तिला सगळ्यांपुढं उघडं पाडलं का मी? हा सल आहे, राहू दे.

"साहेब, लिहा," मी म्हणाले. "अक्षरं ओळखते, शब्द वाचत नाही. आणि शिकवणारी मी आहे, तेही लिहा."

आठवड्यानं तालुक्याच्या ऑफिसातून कागद आला. शाळेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल खुलासा द्या. मुख्याध्यापक एकदम गोड झाले. "दोन ओळीत माफी मागा. मिटवून टाकू."

मी दोन पानं लिहिली. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गाबाहेर काढलेल्या तिन्ही पोरींची नावं लिहिली. त्यांच्या नावावर दुसऱ्यांना वाचायला मीच उभं केलं, हे लिहिलं. यमुनाला आजही वाचता येत नाही आणि त्याला मी जबाबदार आहे, हे लिहिलं. माझ्या वर्गातल्या एकाही पोराच्या नावावर यापुढं दुसरं कुणी वाचणार नाही, हेही लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली.

वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "आवो, हे वर गेलं तर तुमचीच नोकरी जाईल."

"जाऊ द्या. आवक नंबर टाका आणि मला पोच द्या."

त्यांनी शिक्क्याला हात लावला नाही. समोरच्या खुर्चीकडं बोट केलं, बसा म्हणाले. मी बसले नाही. पोच हातात पडेपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.