टमटमची शेवटची सीट

सुमनताई, गुडघा कसा आहे? दत्तूअण्णा, खोकला गेला का? शबानाबी, नातवाचा ताप उतरला ना?

आज सकाळी लिंबागणेशच्या स्टँडवर सहज चहाला गेलतो. टमटममध्ये बसलेली एक मेंढपाळ बाई घायकुतीला आली होती. "लेक बीडच्या दवाखान्यात हाय, पहिलटकरीण. कळा सुरू झाल्यात. हाल की रे बाबा!"

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, एक सीट कमी हाय. भरल्याबिगर कसं हलू?"

मला बीडला काडीचंही काम नव्हतं. तरी चढलो. "भरली बघ. हाण आता!"

वाटेत बाईचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून सांगत बसलो. आमच्या वडिलांच्या काळी टमटम म्हणजे एका घोड्याची हलकी गाडी. शब्द गोऱ्या साहेबांच्या बोलीतून आला म्हणतात, खरं-खोटं मला ठाऊक नाही. घोडा गेला, इंजिन आलं, नाव तेच राहिलं.

"आन् सीट भरायची खोड बी तीच," बाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

दवाखान्याशी उतरल्यावर तिनं विचारलं, "दादा, तुमचं कोण हाय इथं?"

"कुणी न्हाई. सीट भरायला आलतो."

ती हात जोडून आत पळाली. मी गेटवरच थांबलो. तासाभरानं ती बाहेर आली. "नात झाली, दादा! येळंवर पोचले बगा."

परतीची टमटम भरायला लई वेळ लागला. पण आज मला कसलीच घाई नव्हती.

तुमच्यासाठी कधी कुणी अशी सीट भरली का? लवकर लिहा, मी वाट बघतोय.