मोटार ट्रॉलीचे दोन सील

माझा मोठा भाऊ रेल्वेत ट्रॉलीमन होता. वाशिमवरून तेव्हा मीटर गेजची गाडी जायची आणि रूळ तपासायला निघालेले साहेब मोटार ट्रॉलीवर बसायचे. ट्रॉली म्हणजे चार लोखंडी चाकांवर एक फळी, फळीवर बाक आणि खाली पेट्रोलचं बारकं इंजिन. त्या इंजिनाला किक नाही, बटण नाही. ट्रॉलीमननं मागून ढकलत पळायचं आणि इंजिनानं पेट घेतला की उडी मारून मागच्या दांड्यावर चढायचं. साहेब अर्थातच आधीपासून बसलेले.

भावाची ट्रॉली फार लांब पळवावी लागे, आणि हाच त्याच्या अभिमानाचा विषय. "दुसऱ्यायच्या ट्रॉल्या कोणीबी चालू करे. आमची जिद्दी होती, तिले गडी लागे गडी," हे त्यानं घरी, सोयरिकीत, मयतीच्या बैठकीतसुद्धा सांगितलेलं आहे. त्या पळण्यानं त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले. पण गोष्ट रंगात आली की तो बसल्या जागी पाय हलवू लागे.

मी रिसोडला आयुष्यभर स्कूटरी दुरुस्त केल्या. गेल्या हिवाळ्यात केनवडकडच्या एका हौशी शेतकऱ्यानं बोलावणं धाडलं. त्यानं भंगारातून एक ट्रॉली उचलली होती, सोयाबीन निघालेल्या वावरात जुन्या रुळांचा पट्टा टाकला होता, आणि इंजिन काही दाद देत नव्हतं. भावाच्या कानावर गेलं. "मीबी येतो. मले एक डाव तिले ढकलून चढू दे, मंग काही मांगत नाही," तो म्हणाला. वहिनी माझ्यावरच डाफरली. मी तिला म्हटलं, पळू दे थोडं, आता त्याला दुसरं हवंय तरी काय.

वावरात पोचल्यावर भावानं ढकलायच्या दांड्यावरचा वेल्डिंगचा टाका बोटानं चाचपला. "आमचीच हाये," म्हणाला, आणि बराच वेळ दांडा सोडला नाही.

मी इंजिन उघडलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी सील असतो. इंजिनाच्या पोटात बाहेरची हवा शिरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. हे दोन्ही पार कडक होऊन झिजलेले. त्यांच्या घासण्यानं शाफ्टवर खोल चरा पडला होता, आणि असा चरा पडायला वर्षं जातात. म्हणजे भाऊ नोकरीत होता तेव्हाही हे इंजिन हवाच ओढत होतं, आणि हवा ओढणारं इंजिन लवकर पेट घेत नाही. पण हात काळे झाले की मला काम सोडून दुसरं काही सुचत नाही. माप जुन्या स्कूटरचंच निघालं, सील माझ्या डब्यातच होते. सीलच्या आतल्या कडेला, म्हणजे ओठाला, तेल लावलं, चऱ्याच्या जरा बाजूला येतील असे पाइपच्या तुकड्यानं ठोकून बसवले, आणि स्वतःवरच खूश झालो.

मी थ्रॉटल धरून वर बसलो. मागे भाऊ मधोमध, दोन्ही बाजूंना वावरातले दोन गडी. भावानं चपला काढल्या, पायजमा खोचला आणि गड्यांना दटावलं, "मी म्हणीन तवाच चढा. लय लांब न्या लागते हिले."

जरा ढकललं न ढकललं तोच इंजिन सुरू झालं. ट्रॉली त्यांच्या हातांतून सुटली. गडी तरणे, त्यांनी उड्या मारल्या. भावाच्या पायांत ती जुनी लांबी मुरलेली, त्याची उडी अजून पुढेच होती. मी ब्रेक लावून मागे पाहिलं, तर तो रुळांच्या मधे उभा होता आणि दोन्ही हात अजून पुढे होते.

गुडघा धरत तो आला. "काय केलं बे तुनं हिले?"

"सील बदलले, भाऊ."

"अजून?"

"अजून काहीच नाही."

रुळावर ठेवलेला जुना सील उचलून तो उलटसुलट करत राहिला. मला त्या साहेब लोकांचा भयंकर राग आला. मागे माणसं धापा टाकत पळतात आणि यांच्यापैकी एकालाही इंजिन उघडून बघावंसं वाटलं नाही. त्याहून जास्त राग स्वतःच्या हातांचा आला. ते सील मी तसेच ठेवले असते आणि इंजिन कसंबसं चालवलं असतं, तर भाऊ पळाला असता, चढला असता.

"तवा हे भेटत नव्हते काय?" त्यानं विचारलं.

वाशिमात स्कूटरच्या कुठल्याही दुकानात भेटत होते.

"नव्हते भेटत," मी म्हणालो.

माझं खोटं त्यानं लहानपणापासून ओळखलेलं आहे. हातातला सील त्यानं रुळावर ठेवला आणि म्हणाला, "असं हाये तं मंग." मी त्याला पुन्हा ढकलायला बोलावलं. "कायले?" म्हणाला आणि चपला शोधायला मागे गेला.

आता घरी पाहुण्यांपैकी कुणी ट्रॉलीचा विषय काढला, तर भाऊ वहिनीला पाणी मागतो आणि पिऊन झालं की पाऊसपाण्याचं विचारतो.